सोवळ्यातली स्कूटर

जुनी गाडी घ्यायची तर परक्याची घ्यावी. विरारच्या माणसाची घ्यावी, पनवेलच्या माणसाची घ्यावी, पण आपल्याच बिल्डिंगमधल्या माणसाची घेऊ नये. त्यातून त्याची गॅलरी थेट पार्किंगवर उघडत असेल, तर त्याने फुकट दिली तरी हात जोडून नको म्हणावं. गंधालीला हे कोणी सांगितलं नाही. मुलुंड पूर्वेच्या श्रमसाफल्य सोसायटीत एरवी सल्ल्याला तोटा नाही. माणूस कोथिंबीर घेऊन आला तरी ती कुठे स्वस्त मिळाली असती, हे त्याला प्रत्येक मजल्यावर ऐकावं लागतं. पण हा एक सल्ला मात्र कोणी दिला नाही. कारण गाडी होती दुसऱ्या मजल्यावरच्या नानांची, आणि सोसायटीतले निम्मे लोक त्या गाडीला रोज नमस्कार करत होते.

नमस्कार म्हणजे अगदी चपला काढून नव्हे. जाता जाता उजवा हात गाडीला लावायचा आणि छातीशी न्यायचा, एवढंच. पण ते का करायचे, हे सांगायला हवं.

नाना रिटायर झाले तेव्हा त्यांनी हौसेने ही निळी स्कूटर घेतली. शोरूममधून स्वतः चालवत आणली. सोसायटीच्या फाटकातून आत येताना स्कूटर वळली, नाना वळले नाहीत. फार काही झालं नाही. फाटकाच्या खांबाचा थोडा रंग गेला आणि नानांचा थोडा धीर गेला. खांबाला सोसायटीने रंग लावून घेतला. नानांनी मात्र मुहूर्त चुकला असं जाहीर केलं आणि चांगला मुहूर्त मिळेपर्यंत गाडी पार्किंगमध्ये उभी केली. तो मुहूर्त काही आला नाही. दसरा मात्र दर वर्षी येत गेला.

दसऱ्याला नाना सोवळं नेसून, ताम्हण घेऊन खाली यायचे. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार, हेडलाइटवर स्वस्तिक, चावीच्या भोकात गंध आणि पुढच्या चाकापाशी नारळ. आता दसऱ्याला सगळेच गाडीची पूजा करतात. पण दुसऱ्या दिवशी फडका मारून कामाला लागतात. नानांच्या गाडीला कामाला लागायचंच नव्हतं, म्हणून फडक्याचा प्रश्न आला नाही. जुन्या हळदीवर नवी हळद चढत गेली. पुढे कधीतरी बी विंगमधल्या एका मुलाने दहावीच्या पेपरला जाताना गाडीला सहज हात लावला आणि तो गणितात पास झाला. तो पास होईल असं त्याच्या गणिताच्या बाईंनाही वाटलं नव्हतं. तेव्हापासून गाडीच्या सीटवर जास्वंद दिसायला लागली.

नमस्कार न करणाऱ्या निम्म्यांत गंधालीचे बाबा होते. सुबोध त्यांचं नाव, घाटकोपरला विमा कंपनीच्या कचेरीत कामाला. "लोखंडाला कसला नमस्कार?" म्हणायचे. आणि गंधालीला गाडी हवी होती ती या बाबांमुळेच.

गंधाली कबड्डी खेळते. चढाई करते, आणि चांगली करते. रोज पहाटे विक्रोळीच्या मैदानावर सराव. बाबा तिला मोटरसायकलवरून सोडायचे, इथपर्यंत ठीक होतं. पण सोडून ते निघून जायचे नाहीत. मैदानाच्या कठड्यावर कानटोपी घालून, चहाचा फ्लास्क शेजारी ठेवून बसायचे आणि तिथून ओरडायचे, "खाली वाक! दम सोडू नको! डावीकडे बघ, डावीकडे!" आयुष्यात कबड्डी न खेळलेला हा माणूस शेवटी एकदा प्रशिक्षक संघमित्राताईंना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची ती कोपऱ्यातली मुलगी जरा आळशी वाटते हो." ती कोपऱ्यातली मुलगी राज्य संघात खेळलेली होती. त्या दिवसापासून पोरी बाबांना 'छोटे सर' म्हणायला लागल्या. कठड्यावर बाबा दिसले की एकीने दुसरीला कोपर मारायचं आणि म्हणायचं, "आले गं छोटे सर, कपडे सावर, दम धर." गंधाली चढाईला जायची तेव्हा तिचा दम विरुद्ध संघापायी कमी आणि लाजेपायी जास्त जायचा.

"बाबा, मी अठराची झाले. लायसन्स आहे. मी एकटी जाईन."

"कशावर?"

या प्रश्नाचं उत्तर गणपतीच्या दिवसांत आपोआप मिळालं. सेक्रेटरी भाऊंनी फळ्यावर नोटीस लावली की बंद पडलेली वाहनं दसऱ्यापर्यंत चालू करावीत, नाहीतर भंगारवाल्याला दिली जातील. नोटीस लावून भाऊंनी खाली येऊन स्कूटरला नमस्कार केला.

"अहो भाऊ, तुम्हीच नमस्कार करता आणि तुम्हीच भंगारात काढता?" नाना वरून ओरडले.

"नमस्कार माणूस म्हणून, नाना. नोटीस सेक्रेटरी म्हणून."

त्यात आणखी एक गोष्ट. गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती. आता पुन्हा पासिंग करायचं तर ती आरटीओत नेऊन दाखवायला हवी होती. नाना दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी गंधाली त्यांच्या दारात उभी राहिली आणि स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाचं पाकीट पुढे करून म्हणाली, "नाना, मला द्या. मी चालवीन तिला."

नानांनी दिली. पण कन्यादान करावं तशी दिली. मंगळवारी चालवायची नाही. चामड्याचं सीट कव्हर लावायचं नाही. डिकीतला पहिल्या पूजेचा नारळ हलवायचा नाही. आणि दसऱ्याची पूजा नानाच करणार. आतून कुंदाकाकू म्हणाल्या, "घेऊन जा गं बाई. या माणसाने मला सवत आणून ठेवलीय खाली."

बाबांनी पैज लावली. "गाडी स्वतःच्या चाकांवर आरटीओत गेली, पास झाली, तर उद्यापासून तू एकटी. आणि नाही झाली तर मी आहेच. तुझं लग्न होईपर्यंत आहे."

कठड्यावर कानटोपीतले बाबा, आणि बोहल्यावरूनही 'खाली वाक!' म्हणणारे बाबा, असं सगळं गंधालीच्या डोळ्यांसमोरून गेलं. "चालेल," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने डिकी उघडली आणि लगेच बंद केली. नारळ हलवायचा नाही ही अट पाळायला सोपी होती, कारण तो डिकीला चिकटून गेला होता. चावी भोकात जाईना. किक मारली तर ती खाली गेली आणि खालीच राहिली. टायर एकाच जागी उभे राहून इतके चपटे झाले होते, की ढकलताना गाडी लंगडी बाई चालल्यासारखी चालली. गंधालीने ती ढकलत बाबलच्या गॅरेजपर्यंत नेली. वाटेत तिला आठ जणांनी गाडी कशी ढकलावी ते सांगितलं. कोणी हात लावला नाही. एका आजींनी लावला, पण तो नमस्काराचा.

बाबल मूळचा कणकवलीचा. मेकॅनिक म्हणून बरा, पण देवभोळा. त्याने गाडीचं एक झाकण काढलं, आत बोट घातलं आणि चिमूटभर तांदूळ बाहेर काढले.

"गो चेडवा, ही स्कूटर नाय, ह्यो देव्हारो आसा. एअर फिल्टरात अक्षता, कार्ब्युरेटरात झेंडू. आणि ह्या बघ, उंदरान घर केल्यान हा." मग जरा थांबून त्याने हात जोडले. "गणपतीचा वाहन."

"बाबलकाका, ते नंतर. साफ करा ना."

"करतंय. पण साफ पेट्रोलान करूक लागता, आणि ह्या हळदकुंकवार मी पेट्रोल घालूचंय नाय. माका पोरांबाळां आसत."

"अहो, फिल्टर तरी?"

"फिल्टरात अक्षता आसत ना? त्याच."

झालं. मुंबईसारख्या शहरात, जिथे लोक कशावर काय ओततील याचा नेम नाही, तिथे एका मेकॅनिकने स्कूटरवर पेट्रोल घालायला नकार दिला. गंधालीने दुसरं गॅरेज पाहिलं. तिथल्या माणसाने 'नाही' म्हटलं नाही, पण आधी भटजींना विचारून घ्या म्हणाला. पासिंगची तारीख जवळ आली होती. त्यात कळलं की आरटीओसाठी गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची असते, म्हणजे नंबर कागदावर उठतो. गंधालीने कागद धरून पेन्सिल घासली. कागदावर स्वस्तिक उठलं.

कागदपत्रांचं तर वेगळंच रामायण. नानांनी मालकी बदलाच्या कागदावर सही केली ती वर 'श्री' लिहून. कागद परत आला. जुन्या कागदांवरच्या सहीवर 'श्री' नव्हता. नाना तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते, एवढे धार्मिक झाले नव्हते.

"श्रीशिवाय मी आता कशावरही सही करत नाही," नाना म्हणाले.

"नाना, गाडी भंगारात जाईल."

"जाऊ दे. आधी श्री."

गंधाली जिन्यात बसून विचार करत राहिली. मग वर गेली. कागदावर वरच्या बाजूला एक कोरा कागद ठेवला, त्यावर नानांकडून 'श्री' लिहून घेतलं आणि लगेच खाली, खऱ्या कागदावर, सही घेतली. मग कोरा कागद उचलून देवघरात ठेवला. श्री झाला, सही झाली आणि दोन्ही एका कागदावर आलेही नाहीत. नाना खूश झाले. "डोकं आहे हो पोरीला," ते काकूंना म्हणाले. काकू म्हणाल्या, "तुमच्याशी गाठ पडली की येतं."

राहिलं साफसफाईचं. कोणी करत नाही ना, मग मी करते, असं गंधालीने ठरवलं. तिने गाडी पुन्हा पार्किंगमध्ये आणली, बादलीत कपडे धुण्याचा साबण कालवला आणि फडका बुडवून स्कूटरच्या पुढच्या भागावर जोरात फिरवला. पुढे काय होणार हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कोणालाही कळलं असतं. गंधालीचा वावर मैदानात होता. वर्षानुवर्षांची ती पिवळी हळद साबण लागताच लालभडक झाली. लाल ओघळ हेडलाइटवरून मडगार्डवर आणि मडगार्डवरून फरशीवर आले.

गॅलरीत नाना उभे होतेच. ते उभे नसतील तेव्हा उजाडत नसे.

"रक्त!" नाना किंचाळले. "अगं, रक्त काढलंस तिचं!"

सोसायटी जमली. भाऊ खाली आले, लाल पाणी बघून मागे सरले आणि माणूस म्हणून बोलावं की सेक्रेटरी म्हणून या विचारात पडले. कोणी म्हणालं कोप झाला. कोणी म्हणालं आधीच सांगितलं होतं. ज्याने काही सांगितलं नव्हतं, तोच हे जास्त मोठ्याने म्हणाला. गणितात पास झालेल्या मुलाची आई रडवेली झाली, कारण त्याची आता बारावी होती. बाबाही खाली आले. लाल हात घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडे त्यांनी पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले, "राहू दे गं. पहाटे मी आहेच ना."

गंधालीला शिव्या चालल्या असत्या. ही माया चालली नाही. तिचे डोळे भरून आले, पण फडका तिने सोडला नाही.

तेवढ्यात गर्दीतून कुंदाकाकू पुढे आल्या. एका हातात चिंचेचा गोळा, दुसऱ्या हातात काथ्या.

"अहो, कसलं रक्त? हळद आणि साबण. लग्न झाल्यापासून तुमचे डाळ सांडलेले सदरे धुतेय मी. कधी बघितलेत?" मग गंधालीकडे वळून, "आणि तू गं, देवाची भांडी कोणी साबणाने घासतं का? चिंच घे. चिंचेने घासलं तर देवालाही चालतं आणि पितळही चकाकतं."

"काकू, पाप...?"

"मी रोज घासते समया. मला लागलं का पाप? घास."

गंधालीने घासलं. सगळ्यांच्या देखत घासलं. तासाभराने काकू वर जाऊन बाबलला फोन करून आल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण बाबल गॅरेज सोडून आला आणि म्हणाला, "चिंच चलता. आमच्या गावच्या देवळात चिंचच वापरतत." झाकणं निघाली, आतले भाग निघाले, काही चिंचेच्या पाण्यात बसले, काही नवे आणावे लागले. उंदराला मात्र बाबलने स्वतः, दोन्ही हातांनी, मोदकासारखं उचलून नाल्याकडे सोडलं. चॅसिस नंबर दिसायला लागला. नारळ उलथन्याने सुटला. तो समुद्रात सोडायचा असं ठरलं आणि नानांनी तो गॅलरीत ठेवून घेतला. संध्याकाळी गाडीने पहिल्यांदा आवाज केला. तो खोकल्यासारखा होता, पण आजारी माणूस खोकला तर निदान जिवंत आहे एवढं कळतं.

आरटीओत जायच्या दिवशी गंधाली स्कूटरवर पुढे, बाबा मोटरसायकलवर मागे. पैजेची देखरेख करायला, असं बाबा म्हणाले. गाडी भांडुपला एकदा बंद पडली, कांजूरला दोनदा. बाबा प्रत्येक वेळी मागे थांबले, हेल्मेटची काच वर केली आणि हसले. गंधाली प्रत्येक वेळी उतरली, गाडी स्टँडला लावली आणि पायाच्या पोटरीत गोळा येईपर्यंत किक मारली. कबड्डीत मधल्या रेषेला पाय लावायला जसा जीव टाकतात, तसा तिने त्या किकमध्ये टाकला.

तपासणी करणारे इन्स्पेक्टर शांत माणूस होते. नंबर पाहिला, दिवे पाहिले, कागद पाहिले. मग गाडीचा वास घेतला.

"चिंचेचा वास येतोय का?"

"हो सर."

साहेबांनी कागदावर खूण केली. त्यांनी पुष्कळ गाड्या पाहिल्या असाव्यात. "चालू करून एक फेरी मार."

गंधालीने किक मारली. काही नाही. दुसरी. काही नाही. मागे बाबांनी घसा खाकरला. गंधालीला वाटलं आता 'डावीकडे बघ' येणार. तिने डोळे मिटले, दम धरला आणि सगळ्या अंगानिशी तिसरी किक मारली. इन्स्पेक्टर त्या वेळी सायलेन्सर बघायला मागे वाकले होते. स्कूटरने मोठा आवाज केला, आणि सायलेन्सरच्या पोटात उंदराने इतकी वर्षं साठवलेला ऐवज एका दमात बाहेर आला. तांदूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि सुपारीचा एक अर्धा तुकडा. सगळं साहेबांच्या डोक्यावर आणि खांद्यांवर.

तपासणीच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. इंजिन मात्र चालू राहिलं.

साहेबांनी खांद्यावरची पाकळी उचलून पाहिली. "लग्नानंतर पहिल्यांदाच अक्षता पडल्या अंगावर," ते म्हणाले. "मार फेरी."

गंधालीने फेरी मारली. गाडी पास झाली. परतताना बाबा मागेच होते, पण हेल्मेटची काच खाली होती.

लगेच पुढच्या दिवशी दसरा होता, सरावाला सुट्टी. सकाळी नाना सोवळं नेसून खाली आले. ताम्हणात हळदीचा डोंगर. गंधाली स्कूटरसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली, अगदी पकड करायला राहतात तशी.

"पूजा माझी, असं ठरलं होतं," नाना ताम्हण छातीशी धरून म्हणाले.

शब्द दिला होता, हे खरंच होतं. आणि नानांचे डोळे पाहून तिला तो मोडवेना. तिने हळूच बोटाने चिमूटभर कुंकू घेतलं, स्कूटरच्या आरशाखाली एवढासा टिळा लावला आणि म्हणाली, "हिची झाली. नाना, ही आता कामाला लागली. हिला रोज धुवायला लागतं. पण बाबांची मोटरसायकल बघा. आमच्या घरात कोणी तिला कधी साधं फूल वाहिलं नाही."

नानांनी वळून पाहिलं. काळी, धुळकट, बिनपूजेची मोटरसायकल. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं, ते पंधरा वर्षांपूर्वी शोरूममध्ये पसरलं असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा कानटोपी आणि फ्लास्क घेऊन खाली आले. "पैज जिंकलीस, मान्य. पण पहिलाच दिवस आहे. मी फक्त मागून येतो." त्यांनी चावी लावायला हात नेला. चावीच्या भोकात गंध वाळून दगड झालं होतं. गॅलरीतून नाना म्हणाले, "सुबोध, मंगळवारी चालवू नका हं तिला."

गंधाली एकटी गेली. कठड्याकडे पोरींनी पाहिलं, कठडा रिकामा होता. "छोटे सर?" एकीने विचारलं. "सोवळ्यात आहेत," गंधाली म्हणाली आणि चढाईला गेली.

सराव संपवून ती घरी आली तर बाबा ऑफिसचे कपडे घालून पुन्हा पार्किंगमध्येच होते. बाबल मोटरसायकलपाशी हात जोडून उभा होता आणि काकू चिंच भिजत घालत होत्या. बाबांनी घड्याळ पाहिलं, मग दुसरीकडेच बघत विचारलं, "घाटकोपरला सोडशील?"

"बस. पाय आत घे. मागून बोलायचं नाही."

बाबा बोलले नाहीत. दोनदा त्यांनी हवेत ब्रेक दाबला, तेवढंच. कचेरीच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर त्यांचे सहकारी उभे होते. बाबा उतरले. गंधालीने इंजिन बंद केलं, डिकीतून बाबांचाच फ्लास्क काढला आणि फुटपाथच्या कठड्यावर ऐसपैस बसली.

"जा ना आता तू," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"बसते की. तू काम कर. खाली वाकून कर. दम सोडू नको."

टपरीवरचे लोक हसले. "काय सुबोधराव, साहेब आले का तुमचे?" एकाने विचारलं. बाबांचे कान लाल झाले. ते हळद-साबणाच्या पाण्यासारखे लाल झाले. ते फाटकापर्यंत गेले, तिथून परत आले आणि लेकीसमोर उभे राहिले.

"असंच वाटायचं तुला? रोज?"

"रोज."

बाबांनी तिच्या हातातून फ्लास्क घेतला. "हा आता ऑफिसातच राहील. जा तू. पोचलीस की फोन कर. फोन नको, मेसेज कर. नाही केलास तरी..." त्यांनी फ्लास्कचं झाकण उगाच घट्ट केलं.

गंधालीने किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. सायलेन्सरमधून कुठे तरी अडकून राहिलेला अक्षतेचा एकच दाणा उडाला आणि बाबांच्या पॉलिश केलेल्या बुटावर जाऊन पडला. ती निघाली. वळणावर तिने आरशात पाहिलं. बाबांनी आधी इकडे तिकडे बघितलं, मग वाकून तो दाणा उचलला आणि कोणी बघत नाही याची पुन्हा खात्री करून कपाळाला लावला.